एकनळीच का घेतली

आमची बागायत दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या खोऱ्याला लागून. वर काजू, मध्ये सुपारी आणि नारळ, खाली व्हाळाच्या कडेला भाताचे कुणगे. मागचा डोंगर थेट जंगलात उतरतो. गवे, रानडुकरं, साळिंदरं, वानरं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत, आणि 2002 पासून कर्नाटकातून उतरलेले हत्तीही. बाबा सत्तरीला टेकले तेव्हा त्यांच्या शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचं काय करायचं हा प्रश्न घरात आला. भाऊ मुंबईत. शेती मी करते, पुढेही मीच करणार. तेव्हा परवाना माझ्या नावावर घ्यायचा हे ठरलं. 2016 च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे: परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे 25 वर्षं राहिली, की तो हयात असतानाच वारसाचं नाव सुचवू शकतो. प्रश्न होता तो पुढचा. बाबांची ठासणीची बंदूकच चालवायची, की दुसरी घ्यायची? आणि दुसरी घ्यायची तर कुठली?

बंदूक ही आमच्याकडे शेवटची गोष्ट आहे. आधी सौर कुंपण, मग बॅटऱ्या, डबे, फटाके, कुत्रे. पण मे 2021 मधलं तौक्ते वादळ मी विसरणार नाही. कुंपणावर काजू आणि फणस आडवे झाले, वीज गेली ती गेली, आभाळ भरलेलं म्हणून सौर पॅनलही बॅटरी भरेना. रस्ते बंद, म्हणजे माणूस मदतीला येणार नाही आणि सामानही मिळणार नाही. जनावरं मात्र नेहमीच्या वेळेला येत होती. त्या आधीच्या वर्षी टाळेबंदीतही तेच झालं होतं. त्यामुळे बंदूक निवडताना माझ्या डोक्यात एकच हिशेब होता. वीज नसताना, दुकान बंद असताना, जुलैच्या पावसात आणि माझ्या एकटीच्या हातात, पुढची पंचवीस-तीस वर्षं जी चालेल ती.

आधी ठासणीच्या बंदुकीबद्दल सांगते, कारण साधेपणाचा विषय निघाला की आमच्या भागात सगळे तिचंच नाव घेतात. काडतूस नको, कारखाना नको. दारू, केप (घोड्याच्या माराने ठिणगी पाडणारी छोटी टोपी) आणि छर्रे असले की झालं. बाबा ती भरायचे तेव्हा मी लहानपणापासून बघत आले आहे. नळी उभी धरायची, मापाने काळी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि अगदी शेवटी नळीच्या मागच्या निपलवर, म्हणजे भोकाच्या बोंडावर, केप. बाबांच्या गजावर त्यांनी पात्याने एक खूण केलेली होती. गज नळीत सोडला आणि खूण तोंडापाशी आली तर नळी रिकामी. खूण चार बोटं वर राहिली तर आत बार भरलेला आहे. घरात बंदूक भरलेली आहे की नाही हे कळायला हा एकच मार्ग, आणि तो फक्त बाबांना ठाऊक असलेला.

पावसाळ्यात तिचं खरं रूप कळतं. काळी दारू हवेतली ओल ओढते. जवळच्या आंबोलीत वर्षाला 7000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडे त्याहून कमी असला तरी आषाढात भिंतीसुद्धा ओल्या लागतात. घोडा, म्हणजे केपवर आपटणारा खटका, पडतो, केप वाजते, आणि बार निघत नाही. अशा वेळी नळी तशीच सुरक्षित दिशेला धरून थांबायचं असतं, कारण उशिरा पेट घेऊन बार कधीही सुटू शकतो. आणि नाहीच सुटला तर? आत दारू, छर्रे, बोळे सगळं ठासलेलं. ते बाहेर काढणं जिकिरीचं आणि धोक्याचं. म्हणून बरेच लोक भरलेली बंदूक तशीच खुंटीला टांगून ठेवतात, उद्या बघू म्हणून. आमच्या पंचक्रोशीत घडलेले अपघात बहुतेक असेच आहेत. एकदा बार काढला की नळी गरम पाण्याने धुवायची, कारण काळ्या दारूची राख क्षाराची असते आणि रात्रीतून गंज धरते. हे सगळं बाबांनी मनापासून केलं. पण जी बंदूक भरायला सोपी आणि रिकामी करायला अवघड, तिला मी साधी म्हणू शकत नाही.

कायद्याचा कल मात्र तिच्याचकडे आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक असंच म्हटलं आहे. ती पुरेशी पडत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची (आतून आटे नसलेली, म्हणजे रायफल नव्हे) बंदूक देता येते, जिची नळी 20 इंचांपेक्षा आखूड नसावी. म्हणून माझ्या अर्जात मी नुसतं ‘नुकसान होते’ एवढं लिहिलं नाही. पावसाळ्यात केप चुकते, भरलेली बंदूक रिकामी करता येत नाही, घरात वयस्कर माणसं आणि सुट्टीत मुलं असतात, हे सगळं कारण म्हणून लिहिलं. सोबत सातबारा, आठ-अ, वनखात्याने केलेले नुकसानीचे पंचनामे, डॉक्टरांचा दाखला, आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. पोलीस ठाण्यातून चौकशी, तहसीलमधून अहवाल, मग जिल्हाधिकारी कार्यालय. वेळ लागतो. ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी पंचनामे दरवर्षी न चुकता करून घ्यावेत. नुकसानभरपाई किती मिळते यापेक्षा तो कागद पुढे जास्त उपयोगी पडतो.

प्रशिक्षणाचा मात्र खरोखर फायदा झाला. शिकवणारे निवृत्त फौजी होते. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला बारच काढू दिला नाही. नुसतं उचलायचं, उघडायचं, बघायचं, बंद करायचं. “ताई, निशाणा मागाहून. आधी सांगा, नळी कुणाकडे बघतेय?” हे त्यांचं वाक्य ते दिवसभर म्हणत होते. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरायचं, बोट चापावर न्यायचं ते अगदी शेवटी, आणि समोर जे आहे त्याच्या मागे काय आहे हे आधी बघायचं. वाडीत हे तिसरं फार महत्त्वाचं. अंधारात झाडीमागे शेजाऱ्याचं मांगर, म्हणजे शेतातलं खोपट, असू शकतं.

त्याच कारणाने रायफलचा विचार मी लगेच सोडला. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली 315 बोअर रायफल चांगली, टिकाऊ, ब्रिटिश फौजेच्या जुन्या ली-एनफील्ड रायफलच्या धर्तीवर बनलेली. पण रायफलची गोळी कितीतरी लांब जाते, आणि कोकणातल्या वाड्या घराला घर लागून आहेत. शिवाय तिची काडतुसं बारा बोअरइतकी सहज मिळत नाहीत. बारा बोअरचे छर्रे तीस-चाळीस मीटरच्या पुढे पांगतात आणि जोर हरवतात. शेतासाठी तेच हवं.

म्हणजे बारा बोअर हे पक्कं. (एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, की त्यातली एक जेवढी जाड, तेवढी ही नळी. साधारण साडेअठरा मिलिमीटर.) पण त्यात पंप अ‍ॅक्शन (नळीखालची मूठ मागे-पुढे ओढली की पुढचं काडतूस भरणारी), दुनळी आणि एकनळी असे तीन रस्ते होते, आणि ते बघायला मी कोल्हापूरच्या एका दुकानात गेले. बाबा सोबत होते.

दुकानदाराने आधी पंप पुढे केली. “पाच बार निघतात ताई, डुक्कर काय उभं राहतंय?” हातात घेतली, छान वाटली. पण खालच्या नळकांड्यात किती काडतुसं आहेत ते बाहेरून दिसत नाही. वरची खिडकी उघडून रिकामी बघितली तरी खाली एक राहिलेलं असू शकतं. दुकानात मागे एक म्हातारे मिस्त्री काम करत बसले होते. मी त्यांना विचारलं की दोन्ही खोलून दाखवता का. त्यांनी फडकं पसरलं. एकनळीचे तीन तुकडे झाले: नळी, नळीखालचं लाकूड आणि खांद्याला लावायचा दस्ता. हत्यार लागलं नाही. पंपाचे भाग मात्र फडक्यावर वाढतच गेले. पिना, स्प्रिंगा, काडतूस वर उचलणारी पट्टी, ते अडवणारे दोन खटके. “हे सगळं शेतात माती-पाण्यात चालायचं, तर दर आठवड्याला मांडी घालून बसावं लागंल,” मिस्त्री म्हणाले. ज्याला ते जमतं आणि आवडतं त्याने पंप जरूर घ्यावी. ती वाईट बंदूक नाही. मला सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळावरून, खाली येताना चिखलाने भरलेल्या हातांनी ती चालवायची होती.

दुनळीवर मी जास्त वेळ घालवला, कारण तिच्या बाजूने खरा मुद्दा आहे. तिच्यात दोन नळ्या, दोन घोडे, घोड्याचा मार काडतुसाला पोचवणाऱ्या दोन पिना, म्हणजे एक बाजू मोडली तरी दुसरी चालते. अडचणीच्या काळासाठी याहून मोठं वचन नाही. पण वजन तीन किलोच्या पुढे, आणि दोन नळ्या जिथे जोडलेल्या असतात त्या पट्टीखाली आमच्या हवेत पाणी शिरतं. तिथला गंज वरून दिसत नाही, कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. बाबांनी ती खांद्याला लावून बघितली, खाली ठेवली आणि मालवणीत एवढंच म्हणाले, “नळीत काय आसा ता दिसाक व्हया, बाय.” एवढी वर्षं गजाची खूण बघून ज्याने बंदूक सांभाळली, त्याच्या तोंडून ते आलं म्हणून मला ते पटलं. एकनळी उघडली की मधोमध वाकते. नळीच्या या टोकातून त्या टोकाचा उजेड दिसतो. दिसला तर रिकामी. नाही दिसला तर भरलेली. आईला, भाच्याला, शेजारच्या काकांना, कुणालाही एका नजरेत कळतं.

मग एकनळ्यांमधली निवड. दुकानात नवीही होत्या आणि जमा केलेल्या जुन्याही. मिस्त्रींनी मला बघायला शिकवलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण हे कुणी सहसा सांगत नाही.

नळी दस्त्यापासून वेगळी करून खिडकीच्या उजेडाकडे धरायची आणि डोळ्याने हळूहळू फिरवायची. आत उजेडाची कडी दिसतात, ती अखंड गोल असली पाहिजेत. कुठे कडं वाकडं दिसलं तर तिथे नळीला पोचा आहे. जी पहिली मी बघितली तिच्यात काडतूस बसतं त्याच्या जरा पुढे देवीच्या वणांसारखे खड्डे होते, बाहेरून मात्र ती बंदूक सुंदर दिसत होती. ती बाजूला ठेवली. नंतर खालचं लाकूड काढून, बंदूक बंद ठेवून, दस्ता धरून नळी हलवायची. सांध्यात टकटक जाणवली तर सांध्याची खीळ झिजली आहे. मग घोडा वर चढवून अंगठ्याने मागून पुढे दाबायचा, चापाला हात न लावता. घोडा सुटला तर आतली खाच झिजलेली, ती बंदूक घरात नेऊच नये. रिकाम्या नळीवर चाप ओढून बघायचा असेल तर नकली काडतूस घालूनच, नाहीतर पिन मोडते.

आणि एक गोष्ट जी मला आधी अजिबात ठाऊक नव्हती: काडतूस बसण्याच्या जागेची लांबी. जुन्या बंदुकांत ती 65 मिलिमीटर असते, नव्यांत 70. नळीच्या खालच्या सपाट भागावर तो आकडा ठोकलेला असतो. गंमत नाही, धोका आहे यात, कारण 70 चं काडतूस 65 च्या बंदुकीत व्यवस्थित बसतं. त्याचं तोंड दुमडलेलं असतं ना. बार निघाला की ते तोंड उलगडतं आणि त्याला उलगडायला जागाच उरत नाही. आत दाब नको तेवढा वाढतो. वडिलोपार्जित बंदूक ज्यांच्या घरी आहे त्यांनी पुढचं काडतूस घालण्याआधी हा आकडा वाचावा.

मी घेतली ती 70 मिलिमीटरची, बाहेर घोडा असलेली एकनळी. घोडा बाहेर हवा हा माझा आग्रह होता. आत घोडा असलेली बंदूक उघडून मिटली की ती चढलेलीच असते आणि सगळी भिस्त त्या छोट्या सेफ्टीवर. बाहेरचा घोडा डोळ्याला दिसतो. त्याचा एक धोका मात्र आहे. ओल्या अंगठ्याखालून तो निसटू शकतो. म्हणून आमच्याकडे नियम केला आहे: चढवलेला घोडा भरलेल्या बंदुकीवर कधीही उतरवायचा नाही. आधी बंदूक उघडायची, काडतूस हातात घ्यायचं, मग घोडा.

दस्ता मला लांब होता. कोपरात दस्त्याचं टोक टेकवलं तर बोट चापापर्यंत धड पोचत नव्हतं. बंदुका पुरुषांच्या मापाने बनतात, आणि बाईने तशीच वापरायची असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. मिस्त्रींनी लाकूड दोन बोटं कापून मागे रबरी गादी बसवली. हलकी एकनळी खांद्याला चांगला दणका देते, त्या गादीने तो सोसवतो. ज्या बायका परवाना घेणार आहेत त्यांनी हे काम दुकानातच करून घ्यावं, घरी आल्यावर ते राहून जातं.

काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली घेतली. 1869 चा तो कारखाना, आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. बारा बोअरचा फायदा इथे आहे: जिथे परवानाधारक दुकान आहे तिथे हे काडतूस असतं. परवान्यावर कोटा लिहिलेला असतो, त्याच्या आत राहून मी पावसाळ्याआधीच खरेदी करते. बाबांच्या मित्राकडे जुनी कागदी काडतुसं होती, श्रावणात ती फुगली आणि नळीत जाईनात. हल्लीची प्लॅस्टिकची फुगत नाहीत, पण खालची पितळी टोपी हिरवी पडते. मी ती रबर लावलेल्या झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत, वर्ष लिहून, बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेवते. जुनी आधी वापरायची.

बंदूक पावसाळ्यात म्यानात ठेवू नये. कातडं आणि कॅनव्हास ओल धरून ठेवतात. उभी, हवेशीर, कुलपातल्या कपाटात. तेलाचंही सांगते. आमच्याकडे सगळे खोबरेल लावतात. ते थंडीत थिजतं आणि पिनेच्या भोकात चिकटून बसतं, मग घोडा पडतो पण पिन जोराने जात नाही. शिलाई मशीनचं तेल पातळ, स्वस्त, आणि दोडामार्गच्या बाजारातही मिळतं.

वापर म्हणाल तर बहुतेक वेळा फक्त आवाज. तोही आभाळाकडे नाही, समोरच्या मातीच्या धडीत, जिथे मागे कुणी नाही हे मला दिवसा बघून ठाऊक असतं. रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि गव्याला किंवा हत्तीला बंदूक दाखवायचीच नाही, वनखात्याला फोन करायचा. आमच्या डोंगरात अजून कुणीकुणी तारेच्या फासक्या लावतात, वाटेवर दोरी बांधून बंदूक ठेवतात. फासकीत बिबटा अडकून तडफडतो, आणि त्या दोरीला माणसाचाही पाय लागतो. हे बेकायदा आहे आणि क्रूर आहे. परवान्याची बंदूक मिळवायला एवढे हेलपाटे घालावे लागतात म्हणून लोक तिकडे वळतात, हेही खरं आहे, आणि त्यावर प्रशासनाने बसून विचार केला पाहिजे.

निवडणुकीचा प्रश्न वेगळाच. आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली, ऐन काजूत. विधानसभेची 15 ऑक्टोबरला, भात कापणीला आलेलं असताना. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करू नयेत, छाननी समितीने प्रत्येकाची गरज तपासावी, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे, पण त्यासाठी अर्ज आपणच वेळेत करावा लागतो. जमा करताना मी नळीला आतून-बाहेरून तेल लावते, दस्त्याला चिठ्ठी बांधते आणि पावतीवर बंदुकीची स्थिती लिहून मागते. परत मिळाली तेव्हा घोड्याखाली आणि सांध्यात तांबूस गंज होता. पडवीत बसून तीन तुकडे केले, रॉकेलच्या बोळ्याने पुसले, तेल लावलं, जोडली. त्याच वेळी परत मिळालेली आमच्या ओळखीच्या एकाची पंप अडकली होती, ती घेऊन त्याला कोल्हापूरला जावं लागलं आणि तोवर त्याच्या वरच्या कुणग्यातलं भात डुकरांनी लोळवलं.

बाबांची ठासणीची बंदूक परवान्यावरून कमी करून रीतसर जमा केली. तिचा गज तेवढा बाबांनी मागितला होता, पण तो बंदुकीचाच भाग म्हणून नोंदवला गेला.